लिलीची पानं माना टाकायला लागलीत, पाणी कमी पडतंय का?

तळ्याकाठची | ५ जुलै, सकाळी ८.४०

नमस्कार मंडळी. कळंबा तलावाच्या बाजूला घर आहे. गच्चीत आणि कंपाउंडच्या कडेनं मिळून बावीस-तेवीस कुंड्या, त्यातल्या अकरा लिलीच्या. एप्रिल-मे मध्ये लाल फुलं अशी आली होती की रस्त्यानं जाणारे थांबून फोटो काढायचे. आता आर्द्रा संपत आलं आणि बघते तर पानं कुंडीच्या काठावरून खाली लोळतायत. दोन कुंड्यांत बुडाकडून पिवळी पडलीत. एकीत पानावर पांढरे, आरपार दिसणारे पट्टे आहेत. सुकल्यासारखी वाटली म्हणून तीन दिवसांपासून पाणी वाढवलंय. मूठभर डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) पण टाकलं. फरक शून्य, उलट जास्तच पडली. काय करू?

राजारामपुरी_१३वी_गल्ली | ५ जुलै, सकाळी ९.०५

पाणी वाढवा अजून. गच्चीत ऊन लागतं.

हिरवाचाफा | ५ जुलै, सकाळी ९.३०

चहाचा चोथा धुऊन, वाळवून घाला. माझ्या गुलाबाला फार मानवला.

खुरपंवाला | ५ जुलै, सकाळी १०.१५

१३वी गल्ली, भावा, चार दिवस झालं सूर्य दिसला न्हाई कोल्हापुरात, ऊन कुठनं लागतंय?

ताई, आधी सांगा लिली कुठली. आमची नर्सरी हाय, वीस वर्सं झाली. गिऱ्हाईक येतंय आणि नुस्तं "लिली द्या" म्हणतंय. लाल भोंग्याचं फूल ती लिली, कोळ्याच्या पायासारखं पांढरं ती लिली, पाऊस पडला की गवतातनं वर येणारी गुलाबी ती पण लिली. पुडीत मिळणारं परदेशी गड्डं तर निराळंच. एकाचं औषध दुसऱ्याला चालत न्हाई. आणि ते डीएपी आधी थांबवा.

तळ्याकाठची | ५ जुलै, दुपारी १.२०

बरोबर आहे दादा, सांगायलाच हवं होतं. लाल मोठ्या फुलांच्या सहा. नर्सरीत त्यांना अमरिलिस म्हणाले होते. पांढऱ्या स्पायडर लिलीच्या तीन. उरलेल्या दोन डिसेंबरात एका प्रदर्शनातून आणलेल्या ओरिएंटल लिलीच्या. त्यांना मार्चमध्ये गुलाबी, घमघमणारी फुलं आली आणि आता नुसती वाळकी काडी उभी आहे. पिवळेपणा अमरिलिसमध्ये आहे, पारदर्शक पट्टे एका स्पायडरमध्ये.

कंदमूळ | ५ जुलै, दुपारी ३.४५

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, शिवाय स्वतःच्या हातानं बरेच कंद कुजवलेलेही आहेत. दोन्हींचा उपयोग होईल बहुतेक.

खुरपंवाल्या दादांचा प्रश्न महत्त्वाचा होता. तुमच्या अकरा कुंड्यांत तीन वेगळी झाडं आहेत. लाल फुलांचं ते हिप्पिअ‍ॅस्ट्रम. नर्सरीत त्याला अमरिलिस म्हणतात, पण खरं अमरिलिस हे दक्षिण आफ्रिकेतलं वेगळं झाड. स्पायडर लिली म्हणजे हायमेनोकॅलिस. ही दोन्ही एकाच कुळातली, कांद्यासारखे पापुद्रे असलेल्या कंदाची. ओरिएंटल मात्र खरी लिली, म्हणजे लिलियम. तिच्या कंदाला वरचं साल नसतं, लसणाच्या पाकळ्यांसारखे सुटे खवले असतात. तिची पानं फुलल्यानंतर वाळणं हा आजार नव्हे, विश्रांती आहे. त्या दोन कुंड्यांचं पाणी आजपासून बंद करा, त्यांच्याकडे नंतर येऊ.

उरलेल्या नऊंसाठी औषध विचारण्याआधी हात लावून बघा. कुंडी उचला, जड आहे की हलकी? बोट दोन पेरं मातीत घाला, काय लागतं? लोळलेलं पान चिमटीत धरा, ताठ आहे की पिचकं? मग तेच पान हलकेच ओढा. बुडातून सुटून हातात आलं तर त्या जागेचा वास घ्या. आणि कंदाच्या मानेपाशी, पानांच्या बेचक्यात, कापसासारखं काही आहे का तेही बघा. संध्याकाळी लिहा.

तळ्याकाठची | ५ जुलै, रात्री ९.५०

बघितलं. सहापैकी तीन अमरिलिसची पानं ताठ आहेत, फक्त लांबच लांब होऊन वाकलीत. दोन कुंड्या दगडासारख्या जड, माती चिखल, पान ओढलं तर लोण्यातून सुरी निघावी तसं निघालं आणि वास... आमच्या गल्लीतल्या तुंबलेल्या गटारीचा. सहाव्या कुंडीत पिवळं एकच बाहेरचं पान, बाकी ठीक. कापसासारखं कुठेच काही नाही. पारदर्शक पट्ट्यांच्या स्पायडरमध्ये मात्र पानांच्या बेचक्यात काळे बारीक दाणे आहेत, मोहरीसारखे. कुंडी तिचीही जडच.

कंदमूळ | ५ जुलै, रात्री १०.४०

छान बघितलंत. आता उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे.

पान पिचकं होऊन लोळतं तेव्हा त्याच्यापर्यंत पाणी पोचत नसतं, इतकंच खरं. का पोचत नाही हे पानाकडे बघून कळत नाही. मातीत पाणी नसेल तरी लोळतं आणि मातीत पाणीच पाणी असेल तरी लोळतं. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. मातीतली पोकळी पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात, मरतात, आणि मेलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. झाड चिखलात उभं राहून तहानेनं मरतं. आपण त्याला सुकलेलं समजून आणखी पाणी घालतो. मेलेल्या मुळांवर बुरशी बसते, ती कंदाच्या तळाशी शिरते आणि मग तो वास येतो.

खरी तहान असेल तर कुंडी हलकी लागते, आणि पाणी दिल्यावर काही तासांत पान सावरतं. तुमचं तीन दिवसांत सावरलं नाही.

ताठ पण वाकलेल्या तीन कुंड्यांना काहीही झालेलं नाही. ढगाळ हवा आणि डीएपीतलं नत्र, यांनी पानं वेड्यासारखी लांबतात आणि स्वतःच्या वजनानं झुकतात. ती कापू नका. पुढच्या वर्षीचं फूल याच पानांनी साठवलेल्या अन्नावर येणार आहे. कडेला काडी रोवून सुतळीनं सैल सावरा. कुंडी शक्य तितक्या उजेडात ठेवा. एकच बाहेरचं पान पिवळं असेल तर ते म्हातारं झालंय, काढून टाका.

वास येणाऱ्या दोन कुंड्या उद्याच्या उद्या उपसा. काळे दाणे ही अळीची विष्ठा आहे, त्यावर उद्या सविस्तर लिहिते. आज रात्री एक काम करा, अकराच्या पुढे बॅटरी घेऊन त्या स्पायडरपाशी जा.

तळ्याकाठची | ५ जुलै, रात्री ११.५५

आई गं. सात निघाल्या. काळ्या, अंगावर पांढरे आणि लालसर ठिपके. दिसायला सुंदर आहेत हो मेल्या! साबणाच्या पाण्यात टाकल्या. झोप गेली.

मांजरवाली | ६ जुलै, सकाळी ७.१०

विषयांतर होतंय पण लिहिते. ओरिएंटल कुंड्या खाली काढणार असाल आणि घरात मांजर असेल तर जपा. खऱ्या लिलीचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांवर जातं आणि ते जिवावर बेतू शकतं. डे लिलीचंही तसंच. मांजरानं चाटलं असा संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांकडे न्यायचं. लाल लिलीचा कंद पोटात गेला तर उलट्या होतात. कंद हाताळताना तुम्हीही हातमोजे घाला, चिकानं खाज सुटते.

कंदमूळ | ६ जुलै, सकाळी १०.३०

मांजरवाली, विषयांतर नाही, हवंच होतं.

ठिपक्यांच्या अळ्या लिली मॉथ नावाच्या पतंगाच्या, शास्त्रीय नाव पॉलिटेला ग्लोरिओसी. नावातली ग्लोरिओसा म्हणजे आपली कळलावी, तिच्यावरही ही येते. पतंग पानाच्या खालच्या बाजूला पुंजक्यानं अंडी घालतो. पावसाळ्यात कालपर्यंत धडधाकट असलेली स्पायडर लिली दोन रात्रीत चाळण झालेली दिसते ती हिच्यामुळे. तिची एक चुलत बहीण आहे, काळी आणि पिवळट पांढऱ्या पट्ट्यांची. ती जास्त वाईट. पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मधून आतलं खात खात खाली कंदापर्यंत जाते. आरपार दिसणारे पट्टे त्यामुळेही पडतात, म्हणून ते पान बुडापर्यंत चिरून बघा. आत अळी असेल तर पान कापून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको.

पहिले आठ दिवस रोज रात्री हातानं वेचा. अकरा कुंड्यांना यापेक्षा चांगलं औषध नाही. बारक्या अळ्यांवर बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचं औषध) चालतं, पण ते संध्याकाळी मारायचं, कारण उन्हात त्याची ताकद जाते. शिवाय अळीनं ते खाल्लं पाहिजे, नुसतं अंगावर पडून उपयोग नाही. निंबोळी अर्क मारायचा तर १५०० पीपीएमचा, लिटरला ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून. पाऊस पडला की पुन्हा. अळ्या कोष करायला मातीत उतरतात, तेव्हा कुंडीतली वरची दोन इंच माती हलवून घ्या.

राजारामपुरी_१३वी_गल्ली | ६ जुलै, सकाळी ११.००

एवढं करण्यापेक्षा एक जहाल कीटकनाशक मारलं की विषय संपला.

खुरपंवाला | ६ जुलै, सकाळी ११.२०

घराच्या गच्चीत? खाली लोणच्याच्या बरण्या वाळत असतील त्यांच्या. सात अळ्यांसाठी उसाच्या फडातलं औषध कशाला वं.

तळ्याकाठची | ६ जुलै, दुपारी २.१५

उपसल्या दोन्ही. लिहिण्याआधी हसून घेते, कारण अर्धा गुन्हेगार घरातच निघाला.

कुंडी काढायला गेले तर खालची प्लास्टिकची ताटली काठोकाठ भरलेली. मी म्हटलं पावसाचं असेल. सासूबाई म्हणाल्या, "मी रोज सकाळी पाणी घालतो की गं, तुला कुठं वेळ असतोय!" म्हणजे त्या सकाळी, मी संध्याकाळी, आणि मधल्या वेळात पाऊस. दोन महिने.

आणि दुसरं. सासरे मे अखेरीस साखर कारखान्यावरून मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) आणत होते शेतासाठी, त्यातली दोन घमेली "झाडांना घाल" म्हणून दिली होती. मी सगळ्या कुंड्यांत वरून चार बोटं थर दिला होता. आता तो थर काळा, चिकट, बुरसलेला. खालची माती आमच्याच परड्यातली काळी.

कंद एक अर्धा मऊ आहे, दुसऱ्याचा फक्त तळ तपकिरी आणि मुळं सगळी सुटली. काय करू?

पुण्यातला_कागलकर | ६ जुलै, दुपारी २.४०

"घालतो" म्हणजे सासरे घालत होते की सासूबाई?

तळ्याकाठची | ६ जुलै, दुपारी २.४५

सासूबाईच. कागलकर ना तुम्ही? पुण्यात राहून विसरला वाटतं, आमच्याकडं बायका येतो-जातोच म्हणतात.

खुरपंवाला | ६ जुलै, दुपारी ३.३०

मळी! तिथंच घात झाला. कारखान्यातनं आलेली ताजी मळी कच्ची असती. आत कुजायचं काम चालू असतंय, गरम होती, हात घातला तर कळतंय. उसाच्या रानात पसरून नांगरली तर सोनं हाय, पण कुंडीत जीव घेती. शेण मिसळून, ओल ठेवून, दोन-तीन महिने कुजवायची, निवली आणि मातकट वास आला की मगच कुंडीला, ते पण मूठभर. कच्ची मळी वर आणि काळी माती खाली म्हंजे वर गोधडी, खाली चिखल.

काळी माती ओली झाली की फुगती आणि भोकं बुजवती. कुंडीसाठी आम्ही पन्हाळ्याकडची तांबडी माती घेतोय. एक घमेलं तांबडी माती, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं चांगलं कुजलेलं खत. आता वाळू मिळत न्हाई, सगळीकडं क्रश सँड, म्हंजे दगड फोडून केलेली वाळू. ती चालती, पण आधी बादलीत तीन पाण्यानं धुवायची. तिच्यातली भुकटी राहिली तर सिमेंटसारखी बसती. तळाला खापऱ्या घाला, पण भोकावर आडवी एक, ठासून न्हाई. आणि ती ताटली फेकून द्या. कुंडी दोन विटांवर ठेवा.

कंदमूळ | ६ जुलै, दुपारी ४.५०

मातीबद्दल दादांनी सांगितलं त्यात मी काही घालत नाही.

कंदाचं असं. वाहत्या पाण्याखाली माती धुवा. मेलेली मुळं कात्रीनं काढा. मग धारदार सुरीनं मऊ भाग कापत जा, पांढराशुभ्र, कडक गर लागेपर्यंत. तपकिरी रेघ ठेवायची नाही, मन मोठं करा. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटनं पुसा, नाहीतर तुम्हीच रोग पसरवाल. तळाशी जी चकती असते, जिथून मुळं फुटतात, ती पूर्ण गेली असेल तर कंद सोडून द्या. थोडी जरी शाबूत असेल तर जगतो.

नंतर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, त्यात वीस मिनिटं बुडवा. हातमोजे घालून, आणि बादली नंतर घरात वापरायची नाही. ते नको असेल तर ट्रायकोडर्मा, पण दोन्ही एकदम नाही. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, बुरशीनाशकात मरते. रसायन वापरलं तर पंधरा दिवसांनी ट्रायकोडर्मा मातीत द्या. मग कंद सावलीत, वाऱ्यावर, तीन-चार दिवस सुकवा. या हवेत पंखा लावावा लागेल. लावताना मान आणि वरचा एक तृतीयांश कंद मातीच्या वर राहिला पाहिजे. लाल लिली पुरून लावली की कुजते, ही चूक सर्रास होते. स्पायडरला मानेपर्यंत माती चालते. लावल्यावर एकदाच पाणी, आणि नवं पान दिसेपर्यंत पावसाच्या आडोशाला.

खत कुठलंही नाही. मूळ नसलेल्या झाडाला खत म्हणजे ताप आलेल्याला बासुंदी.

बाकीच्या कुंड्यांतला मळीचा थरही आज खरवडून काढा. आणि पुढे कधी लाल डाग, लाल रेघा येऊन पान नेमकं तिथंच मोडलेलं दिसलं तर ती वेगळी बुरशी, तिला लाल करपा म्हणू. ते पान काढायचं, पानांवर पाणी घालायचं नाही आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारायचं.

शाहूपुरीकर | ६ जुलै, सायंकाळी ६.३०

स्पायडर लिलीची फार काळजी करू नका ताई, ती चिवट आहे. २०१९ च्या पुरात आमच्या दारात कमरेएवढं पाणी होतं. गुलाब, शेवंती, मोगरा सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर गाळाखालून पंधरा दिवसांत दोनच गोष्टी वर आल्या, एक केळ आणि दुसरी स्पायडर लिली. शेजारच्या कुंडीतल्या लाल लिलीचा मात्र रस्सा झाला होता. तेव्हा लिली म्हणजे सगळ्या सारख्याच असं मीही समजत होतो.

तळ्याकाठची | २४ जुलै, सकाळी ९.००

तरणा पाऊस (पुनर्वसूचा) झोडपून गेला, म्हातारा (पुष्याचा) लागला. हालहवाल देते.

अर्धा मऊ होता तो कंद गेला. कापत कापत लिंबाएवढा राहिला आणि सुकवताना त्यालाही बुरशी आली. दुसरा मात्र नव्या मातीत बसलाय, पान नाही अजून, पण हलवून बघितला तर हलत नाही, म्हणजे मूळ धरलं असावं. ताठवाल्या तिन्ही सुतळीला टेकून उभ्या आहेत, म्हाताऱ्या पानाची सहावी मजेत. स्पायडरचं एक पान चिरलं तर आत पट्ट्यांची अळी होतीच. तीन पानं कापावी लागली. रात्रीची वेचणी आठ दिवस केली, शेवटचे तीन दिवस एकही नाही.

पाण्यासाठी एक युक्ती केलीय. कठड्यावर कान तुटलेला कप ठेवलाय. ज्यानं पाणी घातलं त्यानं कप उलटा करायचा. उलटा दिसला की दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि सुलटा असला तरी आधी बोट मातीत.

ओरिएंटलचं काय करायचं ते राहिलंय.

कंदमूळ | २४ जुलै, दुपारी १२.१०

हलत नाही म्हणजे उत्तम. रोज हलवून बघू नका मात्र!

ओरिएंटल थंड हवेची. तिला पुन्हा फुलायला हिवाळ्याचा आभास लागतो आणि तो कोल्हापुरात मिळत नाही. काडी वाळली असेल तर कंद काढा, खवले न तोडता माती झटका, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. फ्रीजरमध्ये नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आठ-दहा आठवडे पुरे, तोपर्यंत कंद कुंडीतच कोरड्या आडोशाला ठेवला तरी चालेल. कप्प्यात सफरचंद, केळी नकोत, पिकणाऱ्या फळांच्या वायूनं कोंब बिघडतो. डिसेंबरात चार ते सहा इंच खोल लावा. ही खोलच लागते, कारण कंदाच्या वरच्या दांड्यालाही मुळं फुटतात. एवढं करूनही पहिल्या वर्षीसारखी फुलं येतील असं वचन देत नाही. बरेच लोक दरवर्षी नवे कंद घेतात, मीही.

तळ्याकाठची | १२ ऑगस्ट, सकाळी ८.१५

पान आलं! वाचलेल्या कंदाला, बोटभर, हिरवंगार. खत कधी आणि कुठलं?

खुरपंवाला | १२ ऑगस्ट, सकाळी ८.५०

नाद खुळा! तीन पानं होऊ द्यात. मग झिरो झिरो पन्नास, म्हंजे नुस्तं पालाशचं खत, लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसातनं एकदा. उसवाल्या घरात असंलच. युरिया-डीएपीचा डबा सासऱ्यांच्याच खोलीत ठेवा.

स्पायडरला पिल्लं सुटली असतील तर दोन मला ठेवा. बदल्यात निशिगंधाचं कंद देतो. शनवारी कळंब्याकडं येणार हाय.

तळ्याकाठची | १२ ऑगस्ट, सकाळी ९.२०

या की. चार पिल्लं आहेत. ओरिएंटलचे कंद फ्रिजमध्ये जातील तेव्हा पिशवीवर मोठ्या अक्षरात "लसूण नाही" लिहायचं ठरलंय. सासूबाईंनी परवा कुंडीत डोकावून विचारलं होतं, "गड्डी बरी दिसतीया, फोडणीला काढू काय?"